चिनार हिरवेच आहेत, असं मी सांगितलं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. काश्मीरच्या त्या सहलीत ज्या बायका माझ्यासोबत होत्या त्यांनाही नाही — आणि त्या तर शेजारच्याच खोल्यांमध्ये होत्या. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि परवा बदनापूरहून आल्यापासून माझं डोकं असं तापलंय की घरात भांडं जरी वाजलं तरी मी अंगावर धावून जाते. मधेच ‘जाऊ द्या हो, माणूस आहे, होतं असं’ तेवढं म्हणू नका. असं होत नसतं. मी केलं.

बदनापूरला माझी थोरली बहीण राहते. आक्का. मी नवीन जालन्यात, बँकेतून निवृत्त झालेली बाई; ती शेतातली, मोसंबीच्या बागेत जन्म घालवलेली. लोक म्हणतात, काय प्रेम आहे दोघी बहिणींचं! असेल. पण तुम्हाला खरं सांगू? मला आक्काचा लहानपणापासून राग यायचा. ती मोठ्यानं बोलते. चारचौघांत मला ‘मंदे’ म्हणून हाक मारते. माझ्या लग्नात साड्या तिनं निवडल्या, माझ्या मुलीचं नाव तिनं ठेवलं, आणि मी? मी हसून ‘आक्का म्हणेल तसं’ म्हणत राहिले. चाळीशी गेली, पन्नाशी गेली — तोंडावर तेच हसू.

मग आक्काला काचबिंदू झाला. उशिरा कळलं. दोन्ही बाजूंनी अंधार आत सरकत आलेला, आणि मधोमध नळीतून बघावं तेवढंच उरलेलं. दिवस मावळला की तेही नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकलं तर बघू. आक्का रडली नाही. ती म्हणाली, “मंग जे पाहायचं ते जल्दी पाहून घेते.”

आणि तिला काय पाहायचं होतं? चिनार. नातीनं कधीतरी मोबाइलवर काश्मीरचा व्हिडिओ दाखवला होता, पानगळीच्या आधी लालभडक झालेली झाडं. आक्कानं तो डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा पाहिला. “आपल्याकडं पळस पेटतो, पण ते फुल हाय,” ती म्हणाली. “पान पेटलेलं म्या न्हाई पाह्यलं कधी.” आमच्या कॉलनीतल्या बायकांची दिवाळीनंतरची काश्मीरची सहल तेव्हाच ठरत होती. माझा नवरा पटकन बोलून गेला, “आक्कांना पण ने.” त्याचं काय जातं? हात तर मला धरायचा होता.

तर मी धरला. जालन्यापासून श्रीनगरपर्यंत धरला. विमानतळावर धरला, जिन्यात धरला, संडासाच्या दारापर्यंत धरला. बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. आणि आक्का सारखी — “हे काय गं मंदे? ते काय गं? आता काय आलं?” मी सांगायची. सांगताना दात आवळलेले असायचे, पण ते तिला कुठून दिसणार?

पोचलो तेव्हा अंधार पडला होता, तिनं काहीच पाहिलं नाही. सकाळी ती झोपलेली असताना मी खाली उतरले. आमच्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीकडे होती, पण पुढच्या रस्त्याला वळलं की — कसं सांगू? आभाळाला टेकलेली झाडं, आणि एकूण एक पान लाल. मधे केशरी, कडेला तपकिरी, खाली जमिनीवरही तोच रंग पसरलेला. थंडी होती, माणूस नव्हतं. मी पानांवरून चालले. पायाखाली कुरकुर वाजत होतं. माझे दोन्ही हात मोकळे होते! कोणी ‘हे काय गं’ विचारत नव्हतं. मी इतकी खूश कधी झाले होते, आठवत नाही.

परत आले तर आक्का तयार होऊन पलंगावर बसलेली. वेणी घातलेली, शाल गुंडाळलेली, चष्मा पुसून लावलेला. लग्नाला निघाल्यासारखी.

“गेल्ती का बाहेर? झालेत का लाल?”

तुम्हाला वाटेल, मी विचार केला असेल. नाही. जीभ आपोआप वळली. मी म्हणाले, “न्हाई गं आक्का. अजून हिरवेच हायेत. आपण जरा लवकरच आलो.”

तिनं अंगावरची शाल सैल केली. मग म्हणाली, “बिलकुल न्हाई?”

“बिलकुल न्हाई.”

“मंग तू जाऊन ये बाई बाकीच्यांसोबत. माझ्या मागं तुझं कशाला अडायला. मी बसते इथंच.”

आणि मी गेले. ऐकताय ना? गेले. दिवसभर बागांमधून हिंडले, फोटो काढून घेतले, तिथला केशराचा चहा, कावा, प्यायले. माझी बहीण भिंतीकडे तोंड केलेल्या खोलीत बसून होती आणि मला एकदाही घास अडकला नाही. पुढे जे लोक सांगतात ना, की चूक झाली तेव्हाच मन खात होतं — ते खोटं बोलतात. निदान माझं मन खात नव्हतं.

इथवरचं एक वेळ आळसात, चिडीत मोडलं असतं. पण खोटं एकदा बोललं की त्याला राखावं लागतं, आणि मी ते फार हुशारीनं राखलं. बायकांना सांगून ठेवलं, आक्कासमोर झाडांचं बोलू नका, तिला वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी बस वर डोंगरात निघाली तेव्हा आक्का सोबत होती. मी तिला खिडकीशी बसू दिलं नाही. वारा लागेल म्हणाले. पुढच्या सीटवरची बाई ओरडली, “अगं बाई, किती लाल!” आक्कानं माझा हात दाबला, “काय लाल गं?” मी म्हणाले, “कुणाची तरी शाल.” आक्का हसली.

बस थांबली. सगळ्या बायका डावीकडे पळाल्या, तिथं चिनार होते. मी आक्काला उजवीकडे नेलं. तिथं देवदार होता — बारमाही हिरवा. मी तिची हनुवटी धरली. या हातानं धरली. तिच्या त्या नळीएवढ्या नजरेसमोर बराबर झाड येईल अशी मान फिरवली, आणि म्हणाले, “हे बघ. हिरवंगार.”

ती खूप वेळ पाहत राहिली. मग तिनं खोडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हे बी चांगलंच हाय की.”

का केलं मी हे? मलाही कोणीतरी विचारावं असं वाटायचं, म्हणजे मला काहीतरी मोठं उत्तर देता आलं असतं. नाही माझ्याकडे. ते लाल मला एकटीला हवं होतं. बस, एवढंच. सगळ्यात तिचा वाटा असायचा. यात नको होता. असल्या क्षुद्र गोष्टीसाठी मी एका माणसाचे उरलेसुरले डोळे रिकामे परत आणले.

आणि परत आल्यावर काय झालं माहीत आहे? आक्कानं गावभर माझं कौतुक केलं. “नशिबात नव्हतं लाल पाहणं, पण मंदीनं नेलं, जपलं.” नातेवाइकांच्या एका लग्नात तिनं मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. मी ओरडायला पाहिजे होतं. मी साडीचा पदर सारखा केला.

पुढच्या वर्षी दसऱ्याला तिचा फोन आला. “मंदे, औंदा परत जाऊ. जरा उशिरा जाऊ. अजून थोडं दिसून राह्यलंय मला.” थोडं दिसत होतं तिला! सगळं फिटलं असतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे माझे तेव्हाही ठणठणीत होते, आजही आहेत. पण तिला नेलं असतं आणि तिथं कोणी बोललं असतं की गेल्या वर्षी तर याच्याही आधी लाल झाले होते — तर? या ‘तर’ला मी भ्याले. त्या हिवाळ्यात तिची नळीही बुजली. आता आक्काला उजेड आणि अंधार यांतला फरकही कळत नाही.

परवा मी बदनापूरला गेले होते. शेजारची नवी सून आली होती, नवराबायको काश्मीरला निघालेत, दिवाळी झाल्या झाल्या. आक्कानं तिला समोर बसवलं आणि ठासून सांगितलं, “लगेच जाऊ नको. तेव्हा झाडं हिरवीच राहतात. जरा थांबून जा. आम्ही गेल्तो ना, आमचं तसंच झालं.” त्या पोरीनं मोबाइल काढला. “पण मावशी, इथं तर दाखवतंय की तेव्हाच —”

मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. “आक्का सांगते ते ऐक,” मी म्हणाले. “आम्ही डोळ्यांनी पाहून आलोय.”

डोळ्यांनी! हा शब्द मी वापरला. आक्काच्या शेजारी बसून.

पोरगी गेली. तारखा बदलून घेते म्हणाली. आता ती जाईल तेव्हा तिथं नुसत्या फांद्या असतील. आक्कानं पाय वर घेऊन मांडी घातली. मग तिनं विचारलं, “मंदे, लाल झाल्यावर कसं दिसत असंल गं ते?”

मला सांगता आलं असतं. केशरी कुठं होतं, कडा कशा तपकिरी होत्या, पायाखाली कसं वाजत होतं, सगळं. ती डोळे मिटून ऐकत बसली असती. तेवढं तरी.

मी म्हणाले, “मला काय माहीत? मी तरी कुठं पाह्यलंय.”

“हां,” आक्का म्हणाली, आणि चाचपडत माझा हात शोधला. “तुझं बी राह्यलंच की माझ्यापायी.”

मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि जालन्याच्या गाडीला बसले.