पंचवीस वर्षांवरचं माणूस

खोलीची व्यवस्था बघणाऱ्या माणसानं छताला किल्ली लावली आणि छतातूनच एक पलंग खाली ओढला. त्याला शिडी अडकवली, चादर सारखी केली आणि मला विचारलं, "माताजी, आप ऊपर सोयेंगी या नीचे?"

खाली एकच मोठा पलंग होता. त्यावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. माझी नात भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचा नवरा स्वतःच्या चपलांकडं बघत होता. दोघांच्या लग्नाला वीस दिवस झाले होते आणि लग्नानंतरची त्यांची ही पहिली सहल होती.

माझे गुडघे मला ओट्याची पायरी धड चढू देत नाहीत, तिथं शिडी कुठली. म्हणून जावई वर चढला. खाली मी आणि नात. हंस उचलून मी खुर्चीवर टाकले. बोटीवर येण्याआधीपासून मला या सगळ्याची किळस येत होती, पण त्या घडीला मला माझीच किळस आली. नव्या नवरीच्या अंथरुणात मी म्हातारी शिरले होते, तेही नियमानं.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. पण तो नियम मला पाठ आहे, कारण तीन ठिकाणी तो मला ऐकवला गेला.

पहिल्यांदा ऐकला तो महाडच्या बाजारात. जावई मुंबईत एका डॉक्टरीणबाईंची गाडी चालवतो. राहतो गावकीच्या खोलीत. म्हणजे त्याच्या गावच्या लोकांनी मिळून घेतलेली एक खोली, तिथं अकरा बाप्ये ओळीनं पथाऱ्या टाकतात. तिथं बायको नेता येत नाही. नात राहणार वरंधच्या बाजूला सासूसासऱ्यांजवळ. सुट्टी संपली की हा मुंबईला, ती इथं, आणि भेट एकदम गणपतीला. लग्नाआधी दोघं बोलले असतील ते एक कप चहा थंड होईपर्यंत. लग्नानंतर घरात पाहुणे, मग देवदर्शन, मग पुन्हा पाहुणे. डॉक्टरीणबाईंनी आहेर म्हणून बोटीची सहल दिली. तीन रात्री, दोघांना एक खोली. पुढच्या गणपतीपर्यंत त्यांना एकमेकांशी काय बोलायचं ते त्या खोलीतच बोलायचं होतं. एरवी त्यांच्या वाट्याला खोली नव्हती.

कागद भरायला ती दोघं महाडला सहलींच्या दुकानात निघाली, तेव्हा गुडघ्याचं औषध आणायला मीही गेले. दुकानदारानं दोघांची आधार कार्डं बघितली आणि बाजूला ठेवली.

"मुलगी एकोणीसची आहे. एकवीसच्या आतलं कुणी असेल, तर त्याच खोलीत पंचवीस वर्षांवरचं माणूस लागतं."

"नवरा हाय ना तिचा," मी म्हटलं.

"तो बावीसचा आहे, आजी."

"मग? बावीसचा नवरा चालत नाय?"

"लग्नाचा सरकारी दाखला असेल तर चालतो."

मी पिशवीतून लग्नपत्रिका काढली. दोन-चार उरल्या होत्या, त्यात मी औषधं गुंडाळत असे. त्यानं गोळ्यांची पाकिटं बाजूला सारली, पत्रिका उलटसुलट केली. "पत्रिका काय, कुणीही छापतं."

"अख्खा गाव जेवला हळदीला. विचार कुणालाही."

"गाव येणाराय का बोटीवर?"

जावयानं मोबाइलवर अक्षता पडतानाचं दाखवलं. दुकानदारानं ते कौतुकानं शेवटपर्यंत बघितलं, आचारी कोण होता तेही विचारलं, आणि मान हलवली.

चूक आमचीच होती. आमच्या डोंगरात लग्नाचा दाखला कुणी वेळेवर काढत नाही. गावानं बघितलं, झालं लग्न. कागद आठवतो तो कुणी मेल्यावर, नाहीतर परदेशी जायचं निघाल्यावर. अर्ज लगेच दिला, पण दाखला हातात यायला पंधरा दिवस, आणि बोट आठ दिवसांत. तारीख बदलत नव्हती.

मग पंचवीस वर्षांवरचं माणूस कोण, यावर घरात बैठक बसली. विहीणबाई म्हणाल्या, "मुलगा-सुनेच्या खोलीत मी झोपू? त्यापेक्षा नदीत ढकला." माझी सून, म्हणजे नातीची आई, पदर तोंडाला लावून आत गेली. जावयाच्या खोलीत सासू, हे तिला ऐकवेनासुद्धा. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हातारी काय, घरातल्या कणगीसारखी. कोपऱ्यात असली काय, नसली काय.

मुलगा म्हणाला, "आये, तू पाठराखीण म्हणून गेलीवतीस ना तिच्या सासरी? तसंच समज."

"पाठराखीण नवरीच्या खोलीत झोपत नाय रे. सासरच्या बायकांत झोपते नि चहा घेऊन घरी येते."

"आता बोटीवर सासरच्या बायका कुठनं आणू?"

"मग नका जाऊ बोटीवर."

नात दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू दे ना. नाय जात आम्ही." आणि भांडी घासायला गेली. त्या पोरीनं लहानपणापासून कधी काही मागितलं नाही, आणि काही मिळालं नाही म्हणून रडलीही नाही. भांड्यांचा आवाज येत होता. मी मुलाला म्हटलं, "माझं आधार कार्ड कुठं हाय बघ."

वीर स्टेशनाहून मुंबईची गाडी धरली. वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माझं लग्न झालं तेव्हा मी तेरा-चौदाची असेन. नक्की कुणाला माहीत नाही. माझ्या नवऱ्याचं वय मला तो गेल्यावर दाखल्यावरून कळलं. मला तेव्हा कुणी वय विचारलं नाही, खोलीत माझ्याबरोबर कुणी मोठं हवं का, हेही विचारलं नाही. नियम तेव्हा हवा होता. नातीच्या वेळी आम्ही अठरा पुरी होऊन वर वर्ष जाऊ दिलं, तर तिच्या खोलीत मला घुसवलं.

बोट म्हणजे सात-आठ मजली इमारत, आणि सगळीकडं परफ्यूमचा वास, त्याखाली तळणाचा वास. पहिल्या संध्याकाळी मी चौकशीच्या टेबलाकडं गेले. तिथली बाई मराठी बोलणारी होती.

"मला दुसरीकडं कुठंही टाका," मी म्हटलं. "जिन्याखाली चालंल."

तिनं यंत्रात बघितलं आणि नियम वाचून दाखवला. हे दुसऱ्यांदा. "आजी, त्याच खोलीत लागतं."

"पण का?"

"तरुण मुलं एकटी आली की पितात, गोंधळ घालतात. बाकीच्या प्रवाशांना त्रास होतो."

तिथून मी वरच्या गच्चीवर गेले. तिथं पोहण्याचा हौद आहे. हौदाकाठी माझ्या मुलाच्या वयाचे, पांढऱ्या केसांचे पाच-सहा बाप्ये उघड्या पोटानं नाचत होते. हातात ग्लास. त्यातला एक नाचता नाचता वाकला आणि हौदात ओकला. बाकीचे हसले. एकजण मोबाइलवर त्याचं चित्र काढत होता. शेजारच्या टेबलावर भात, मासे, केक एकावर एक रचलेली ताटं तशीच टाकलेली. आमच्याकडं कुत्र्यालाही असं वाढत नाहीत. माझी नात आणि जावई एका बाकावर बसून लिंबाचं सरबत पीत होते, दोघांच्या मध्ये तिची पर्स.

मी परत खाली त्या बाईकडं गेले. "वर एकजण हौदात ओकलाय. साठीचा असंल. त्याच्या खोलीत कुणाला ठेवलंय?"

तिनं हसू दाबलं. "आजी, तुम्ही जेवून घ्या."

"जेवायची वासना गेली, बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना सांगितलं, दिवसा खोली तुमची, मी वर बसते. खुर्ची धरून बसले, तर थोड्या वेळानं नात शेजारी येऊन बसली. मग जावईही आला. तिघं ओळीत, एस.टी.ची वाट बघत बसल्यासारखे. समुद्र बघून संपला. ती माझ्याशी बोलत होती, तो माझ्याशी बोलत होता. "आजी, चहा आणू?" "आजी, ऊन लागतंय का?" एकमेकांशी एक अक्षर नाही. असा सगळा दिवस फुकट गेला. झोपताना पुन्हा तो वर, आम्ही खाली.

तिसरा दिवस शेवटचा. चौथ्या दिवशी सकाळी उतरायचं होतं. चहा झाल्यावर मी शाल घेतली आणि नातीला बाजूला घेतलं.

"मी पाच वाजता येईन. त्याच्या आधी वर आलीस तर तंगडं मोडीन."

"लोक काय म्हणतील गो आजी?"

"हितं आपल्याला वळखतं कोण?"

"तू तर वळखतेस ना. तू काय म्हणशील?"

"मी पाच पोरं काढली, भवाने. मी काय म्हणायची राहिले?"

ती लाजली नाही, हसली. लग्नापासून पहिल्यांदा. जावयाला मी फक्त खोलीचं कार्ड दिलं आणि म्हटलं, "पावणं, माझ्याकडनं हरवंल. तुमच्याकडं ठेवा."

मग मी सकाळपासून पाचपर्यंत वर बसले. वारा कानात शिरला, ऊन डोक्यात गेलं. मोरीला गेले तर तिथं कागदाची गुंडाळी, पाणी नाही. एवढा समुद्र चारी बाजूंना, आणि आत पाणी नाही. प्यायची बाटली वापरली. परवाचा ओकणारा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन घोरू लागला. त्याच हौदात आता लेकरं पोहत होती. टेबलावरची बाई फिरत फिरत वर आली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही एकट्या? मुलं कुठं आहेत? तुम्ही त्यांच्याबरोबर असायला हवं." हे तिसऱ्यांदा.

"झोपायला असते," मी म्हटलं. "नियमात दिवसाचं काय लिवलंय?"

तिनं विचार केला. "दिवसाचं काही नाही."

"मग जा."

पाच वाजता मी दार वाजवलं. कुणी उघडेना. आतून आवाज येत होते, मोठ्यानं. दोघं भांडत होते. नात म्हणत होती, "महाडला कारखान्यांच्या गाड्या हायत. कामगार न्यायला-आणायला डायवर लागतात. तुम्ही इचारलंत तरी का?" तो म्हणत होता, "बाईंना काय सांगू? त्यांनीच इथं पाठवलंय आपल्याला." ती म्हणाली, "म्हणून काय जन्मभर अकरा बाप्यांत झोपणार?"

मी पुन्हा वाजवलं नाही. बाहेर गालिच्यावर बसून राहिले. तिथून जाणारा प्रत्येकजण मला ओलांडून गेला. घरात सासूसासऱ्यांसमोर ती असं बोलली असती का? मुंबईला तर गेलीच नसती. नवराबायकोला भांडायलासुद्धा खोली लागते. ती मिळाली एक दिवस, तीही मी बाहेर बसले म्हणून.

दार उघडलं तेव्हा नातीचं नाक लाल होतं आणि जावयाचा चेहरा पडलेला. माझ्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. जेवताना ते एकमेकांशीच बोलत होते, हळू आवाजात, आणि मला चहा हवा का हे कुणी विचारलं नाही. बरं वाटलं.

वीरला उतरून रिक्षा केली. गावी आल्यावर चार दिवसांनी लग्नाचा दाखला आला, शिक्क्यासकट. मुलानं विचारलं, हा कुठं ठेवू. मी म्हटलं, गोळ्या गुंडाळायला दे.

जावई आता महाडला कारखान्याची बस चालवतो. दोघांनी तिथं एक खोली घेतली आहे. मी अजून गेलेली नाही. ती बोलावते, मी नाही म्हणते. त्यांच्या खोलीत एकदा झोपले तेवढं पुरे.

बोटीवरच्या त्या खोलीत तीन रात्री तिघांनी काढल्या. माझ्या नातीनं, तिच्या नवऱ्यानं, आणि पंचवीस वर्षांवरचं माणूस म्हणून मी.