मापालेसाचं लितेमा

माझी धाकटी जाऊ मापालेसा. तिच्याबद्दल चार शब्द चांगले बोलायचे तर माझ्या जिभेला आधी ठेच लागते. ती लग्न होऊन आली आणि गाव माझं घर विसरलं. भिंतीवरचा शेणमातीचा गिलावा ओला असतानाच ही बोटांनी रेघा ओढते, मधे काव नि काळी माती भरते. जाणारे-येणारे थांबून बघतात. माझ्या भिंतीपाशी फक्त शेळ्या थांबतात, त्याही अंग घासायला.

आमच्या बोलीत शेतात नांगरानं पडणाऱ्या तासांना आणि भिंतीवरच्या रेघांना शब्द एकच, लितेमा. त्या शब्दानंच माझा घात केला.

यंदा शेतकी साहेब आला. ज्याचं शेत उत्तम राखलेलं, त्याचं नाव रस्त्याकडेच्या बियाण्याच्या कोठारावर लागणार होतं. मी उतारावर दगडी बांध घातले होते, शेणखत ओतून माती लोण्यासारखी केली होती. साहेबानं झऱ्यावर आम्हा बायकांना विचारलं, "गावात सगळ्यात देखणं लितेमा कुणाचं?"

"मापालेसाचं!" सगळ्या एका सुरात.

"अगं भवान्यांनो, तो शेताचं विचारतोय!" मी ओरडले.

"मग तसं विचारावं की त्यानं," एक म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

त्या साहेबाला आधी तिच्याच घरी घेऊन गेल्या. तिथं तो भिंतीपुढे असा हरखला की माझ्या शेताकडे फिरकलाच नाही. उलट कोठाराची अख्खी भिंत तिनंच रंगवायची ठरली, लोकांना मातीचं मोल कळावं म्हणून! आणि हिचं स्वतःचं शेत? कधीच घळीत वाहून गेलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी रात्रभर जळत होते.

सकाळी ती घमेलं घेऊन माझ्या शेतात हजर.

"जाऊबाई, काळी माती हवी होती."

"तुझ्या शेतातली घे की."

"तिथं नुसता खडक उरलाय." तिनं मान खाली घातली. "तुम्ही बांध घालायला हाक मारलीत, तेव्हा मी भिंत सारवत बसले. आता रोज तुमची तासं बघते नि जीव जळतो. तीच तासं भिंतीवर काढते. ते तुमचंच शेत आहे, जाऊबाई."

इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती.

मी घमेलं शीग लावून भरलं. डोक्यावर देताना म्हटलं, "आणि कोठारावर माझे दगडी बांधही नीट काढ हं. चांगले ठळक."