अंधारकाका आणि प्रवाळांचा दिवा

नाटक कंपनीत त्यांना सगळे अंधारकाका म्हणत, आणि ते काही त्यांच्या रंगावरून नव्हे. रंगमंचावर दिवे लावणं हे त्यांचं काम; पण तालमीला आले की पहिली आरोळी ठोकायचे, "आधी मला अंधार द्या!" मग कुणी खिडक्या लावायला धावे, कुणी पडदे ओढी, आणि चहा पिणारे नट काळोखात एकमेकांचे कप उष्टे करत. गुडूप अंधार झाल्याशिवाय काका एकाही दिव्याला हात लावत नसत. "उजेड काय, कुणीही पाडतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं सगळं शास्त्र एका दमात सांगून व्हायचं: पिवळा म्हणजे सकाळ, निळा म्हणजे रात्र, आणि तांबडा पडला की कुणीतरी मरणार.

पुढे दिव्यांचं काम संगणकावर गेलं आणि काका घरी आले. घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं की संध्याकाळी आपल्या घरात काय काय चालतं. काकू रेडिओ ऐकत, जिन्यात शेजारणीशी बोलत, कुंड्यांना पाणी घालत, आणि या सगळ्यात काकांसाठी म्हणून राखलेली जागा कुठेच नव्हती. ते खुर्चीत बसले की ती हमखास काकूंची निघे. मदतीला गेले की काकू म्हणत, "राहू द्या, झालंच माझं." आणि खरंच झालेलं असे. इतकी वर्षं संध्याकाळी काका नाट्यगृहात असायचे, तेव्हा घराने त्यांच्यावाचून चालवून घेण्याची सवय लावून घेतली होती, त्यात घराचा तरी काय दोष?

अशात लेकीची दूरच्या शहरात बदली झाली आणि तिची काचेची टाकी आईवडिलांकडे आली. साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. आत खडक, नारिंगी माशांची एक चुळबुळी जोडी आणि खडकावर प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, जिवंत प्राणी. एक तर हातमोज्यासारखं, गुबगुबीत बोटांचं. पाण्याबरोबर ती बोटं हलायची. नखाएवढं होतं तेव्हापासून लेकीने ते वाढवलेलं. टाकी सुखरूप आली, पण वरचा दिवा टेम्पोतच फुटला.

"आई, नवा दिवा लगेच आण," लेक फोनवर म्हणाली. "उजेड नसेल तर प्रवाळं मरतील गं. माशांच्या दुकानातल्या ताई सांगतील तोच घे. आणि एक, बाबांना यात घेऊ नकोस."

फोनचा स्पीकर चालू होता. काकांनी हातातला कप खाली ठेवला.

"सांग तिला, दिवा मी लावणार," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. या घरात काहीतरी आपल्या हातचं असावं, एवढंच या माणसाला हवंय, हे त्यांना दिसत होतं. "लावा," त्या म्हणाल्या. "पण हे नाटक नव्हे. जीव आहेत ते. मेले तर पोरीला काय तोंड दाखवू मी?"

काकांनी सुरुवात दणक्यात केली. कंपनीच्या गोदामातून रंगमंचाचा एक जुना दिवा उचलून आणला, त्याला पिवळा कागद लावला आणि टाकीवर सोडला. सकाळ तर अशी उगवली की शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, काही पेटलंय का? थोड्या वेळाने मासे खडकामागे जाऊन धापा टाकू लागले. काकूंनी पाण्यात बोट बुडवलं.

"अंघोळीला बसू का यात?"

दिवा गोदामात परत गेला आणि काका मुकाट दुकानात गेले.

दुकानाच्या मालकीणबाई खांद्यापर्यंत हात टाकीत घालून काहीतरी शोधत होत्या. तशाच अवस्थेत त्यांनी काकांना दिवा दाखवला. चपटा, लांबट, त्याला फिरवायच्या खुंट्या: पांढरा, निळा, लाल.

"निळा भरपूर ठेवा, काका. पांढरा थोडा. लाल जवळजवळ नकोच. सुरुवात मंद करा, हळूहळू वाढवा. आणि रोज ठरल्या वेळी चालू, ठरल्या वेळी बंद."

"दिवसाढवळ्या निळा?" काका चकित झाले. "म्हणजे बिचाऱ्यांनी चोवीस तास रात्रच बघायची?"

"त्यांना कुठे बघायचंय! उजेड हे त्यांचं जेवण आहे. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर जगतं आणि त्यांना भरवतं. पाण्यात खोलवर पोचतो तो निळाच. लाल वरच्या वरच संपतो."

काकांनी मान डोलावली. नव्या दिग्दर्शकापुढे ते अशीच मान डोलवायचे. ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

घरी त्यांनी प्रयोगच लावला. सकाळी पिवळा कागद लावून पिवळसर, दुपारी लख्ख पांढरा, संध्याकाळी तांबडा आणि मग सगळ्यात शेवटी, जेमतेम चिमूटभर, निळा. एक खुर्ची टाकीसमोर मांडून तिथून कसं दिसतं ते पाहायचं, उठायचं, खुंटी फिरवायची, पुन्हा बसायचं. शेजारीपाजारी येऊन वाहवा करून गेले. प्रवाळांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

हळूहळू काचेवर हिरवट थर चढू लागला. बटणांसारखी छोटी प्रवाळं मिटली. हातमोज्याची बोटं आखडून आत गेली. भूक लागली असेल म्हणून काकांनी पांढरा आणखी वाढवला, तर बोटांची टोकं फिकी पडली.

लेकीचा फोन यायचा तेव्हा काकू कॅमेऱ्यातून तिला मासे दाखवत. "बघ कसे पळतात!" खडकाकडे त्या कॅमेरा वळवतच नव्हत्या. एकदा काकांनी दारातून हे पाहिलं. बायको आपल्यावर ओरडली असती तर परवडलं असतं. ती आपल्याला पाठीशी घालत होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दिवसा निळी खुंटी त्यांनी फिरवली नाही. आयुष्यभर ज्याला रात्र म्हटलं त्याला दिवस कसं म्हणणार?

तेवढ्यात कंपनीचं बोलावणं आलं. एक जुनं नाटक बाहेरगावी पुन्हा व्हायचं होतं आणि त्याचे दिवे एकट्या काकांनाच ठाऊक होते. काका असे हरखले की जाताना दिव्याच्या खुंट्या काकूंना समजावून सांगायच्याही विसरले. आठवडाभर ते तिकडे "अंधार द्या!" म्हणून ओरडले, आणि लोकांनी त्यांना अंधार दिला.

परत आले ते भर दुपारी. चपला काढताना त्यांना दिसलं की खोली निळी झालीय. टाकीत हातमोज्याची बोटं पूर्ण उघडून डोलत होती. एक मासा त्यात शिरून लोळत होता. बटणंही फुलली होती.

"दिव्याला कुणी हात लावला?" काकांनी विचारलं, पण आवाजात दम नव्हता.

"मी," काकू म्हणाल्या. भाजी निवडत होत्या. "त्या लाल उजेडात माझी भाजी मला दिसेना. पांढऱ्याने डोकं दुखायला लागलं. म्हणून दोन्ही कमी केले. निळा तेवढा डोळ्यांना बरा वाटला, तोच रोज थोडा थोडा वाढवत गेले. सकाळी उठले की लावायचा, संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालून झालं की बंद. चुकलं का माझं?"

काका खुर्चीत बसले. काकूंचीच निघाली, पण या वेळी त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि वाईट जास्त होतं. प्रवाळं जगली, पण काका घरी नसताना जगली. हेही त्यांच्यावाचूनच जमलं होतं.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ते म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

फोन वाजला. काकूंनी कॅमेरा सरळ खडकाकडे वळवला. पलीकडे लेक किंचाळलीच.

"अय्या! केवढं झालंय ते! कुणी केलं?"

"तुझ्या आईने," काका म्हणाले. काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. प्रयोग संपल्यावर दुसऱ्याचं नाव घेताना त्यांनी या माणसाला कधी ऐकलं नव्हतं.

"मग आता एक कर, आई. टायमर लाव. वेळ ठरवून दिली की दिवा आपोआप चालू, आपोआप बंद. कुणी घरी थांबायलाच नको."

"टायमर नको," काकू म्हणाल्या.

"अगं, किती सोपं असतं!"

"नको म्हटलं ना."

फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "घेऊ या की टायमर. माझ्याहून तो बरा."

काकूंनी भाजीची परात बाजूला सारली. "इतकी वर्षं या घरातला दिवा संध्याकाळी मी एकटीने लावला आणि रात्री एकटीने मालवला. आता घरात माणूस असताना टायमर कशाला? सकाळी लावायचा तुम्ही. संध्याकाळी बंद करायचा तोही तुम्हीच. रोज. कुठे जायचं नाही त्या वेळी."

संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालून काकू आत आल्या, तेव्हा टाकीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि काका निळ्या खुंटीवर हात ठेवून उभे होते.

"करू का अंधार?" त्यांनी विचारलं.

"थांबा," काकू म्हणाल्या, "बसू तरी द्या मला."