बोटीच्या भोंग्यावर लावलेलं घड्याळ

माझ्या लग्नात वडिलांनी जावयाला घड्याळ दिलं. भिंतीवर टांगायचं, लंबकाचं, टोले देणारं. त्याऐवजी मला एखादी पाटली जास्त घातली असती तर माझी सासरची सुरुवातीची वर्षं बरी गेली असती. पाटली मागे पडत नाही, पुढे जात नाही. घड्याळ मात्र रोज काहीतरी करायचं, आणि ते माझ्या माहेरचं, म्हणून त्याचा जबाब मी द्यायचा.

"सूनबाई, तुझ्या माहेरचं घड्याळ पुन्हा झोपलं गं," सासूबाई म्हणायच्या. "तुझ्यावरच गेलंय."

सन तीसच्या आगेमागेची ही गोष्ट. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी, बंदरापासून चांगली लांब. मुंबईची आगबोट दुपारी बाराला येई, बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि भोंगा देई. तो वाडीपर्यंत ऐकू यायचा. भोंगा झाला की मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवत असले तरी उष्ट्या हाताने उठत, डाव्या हाताने घड्याळाची काच उघडत आणि दोन्ही काटे बारावर नेऊन ठेवत. बोट मुंबईची. मुंबईहून येणारी वस्तू चुकीची कशी असेल?

बोट लवकर आली की घड्याळ पुढे. उशिरा आली की मागे. काटे असे रोज ढकलल्यामुळे टोल्यांचा ताळ सुटला. चार वाजता नऊ पडायचे. शेजारच्या वाडीतले एक आजोबा मुद्दाम चारला येऊन बसत आणि म्हणत, "वहिनी, रात्र झाली, पानं घ्या!" मीही हसायचे. दुसरं काय करणार?

वडिलांनी हे आधीच सांगितलं होतं. ते आगरदांड्याच्या बंदरावर कारकून होते, जन्मभर बोटींची वाट बघत बसलेले. घड्याळ टांगताना ते माझ्या यजमानांना म्हणाले होते, "जावईबापू, बोटीच्या येण्यात वारा असतो, भरती असते, चढवायचा माल असतो, तांडेलाचा चहासुद्धा असतो. एका दिवसाच्या भोंग्यावर घड्याळ हलवू नका. महिनाभराचे भोंगे ऐका. सगळे मिळून एकाच बाजूला झुकले, तरच लंबकाखालची ही चाकी नखभर फिरवा. मग पुन्हा महिनाभर बघा."

यजमानांनी मान डोलावली. मामंजी मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "महिनाभर बघा म्हणे. घड्याळ दिलंय की लोणचं?"

गंमत म्हणजे पावसाळ्यात बोटी बंद असत, मामंजींना घड्याळ लावायला भोंगाच नसे, आणि तेव्हा घड्याळ सर्वांत शहाण्यासारखं चालायचं. पावसाळा संपून पहिली बोट आली की फरक असायचा तो अगदी थोडा. हे आम्ही दरवर्षी बघत होतो. "दमट हवा त्याला मानवते," असं सासूबाईंनी ठरवलं, मलाही ते पटलं.

मग एका वर्षी, थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी बोटीला चांगला तासाभर उशीर झाला. ऊन कलायला लागलं, पोरं भुकेने रडायला लागली, तेव्हा कुठे भोंगा झाला. मामंजी उठले, काटे मागे आणून बारावर ठेवले आणि समाधानाने म्हणाले, "फारच पळत होतं आज."

त्याच बोटीने माझ्या माहेरचा माणूस आला होता. गाडी करून तो वाडीवर पोचला. वडिलांना श्वास लागला होता. "ताई, सारखं तुमचंच नाव घेतायत. उद्याच निघा," एवढंच बोलून तो पाणी प्यायला.

मुंबईकडे जाणारी बोट सकाळी सातला यायची. तिने गेलं की दुपारच्या आत आगरदांडा. मी रात्रीच गाठोडं बांधून ठेवलं. पहाटे उठले, पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, घड्याळ बघ की. पोटात काहीतरी घालून जा, तिथे काय वाढून ठेवलंय देव जाणे." त्यांनी प्रेमाने पेज केली. गाडीवान अंगणात उन्हाकडे बघत चुळबुळत होता. "वहिनी, दिस वर आलाय. मला काय हे बरोबर वाटत न्हाय." मामंजींनी त्याला आतलं घड्याळ दाखवलं. अजून सहाही वाजले नव्हते, सातला बक्कळ वेळ होता.

आम्ही अर्ध्या वाटेवर असताना भोंगा झाला.

गाडीवानाने बैलांना जोरात हाकललं. बंदरावर पोचलो तर उतारूंची होडी रिकामी परत येत होती. बोट वळत होती. मामंजी गाडीतून उतरले आणि म्हणाले, "आज लवकर आली."

होडीवाला म्हणाला, "लवकर कशाची, आबा? आज अगदी टायमावर हाय."

 मामंजींनी तीच गाडी दिघीकडे वळवायला सांगितली आणि स्वतः माझ्याबरोबर आले. दिवसभर बैलांच्या चालीने दिघी, मग होडीने खाडी. पलीकडे आगरदांड्याला उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. अंगणातली माणसं मला बघून बाजूला झाली. वडील दुपारी गेले होते. आई म्हणाली, "सकाळी बोटीचा भोंगा ऐकला आणि म्हणाले, आली बघ पोर."

दिवसपाणी उरकून मी सासरी आले, तर घड्याळ बंद पडलेलं. माझ्या मागे मामंजींनी चावीसुद्धा दिली नव्हती. मला म्हणाले, "तुझ्या वडिलांचं आहे. त्यांनी सांगितलं तसं तूच बघ."

मी बघायला लागले. भोंगा झाला की घड्याळाकडे पाहायचं, मनात ठेवायचं, हात लावायचा नाही. सुरुवातीला फार जड गेलं. बोट घटकाभर चुकलेली असायची आणि हात शिवशिवायचे. महिन्याने कळलं की बोटीच्या रोजच्या चुका एकमेकींत मिटतात आणि शेवटी घड्याळ किंचित पुढे जातं एवढंच उरतं. चाकी नखभर फिरवली. पुढच्या महिन्यात त्याहून कमी. टोलेही एकदा काट्यांशी जुळवून घेतले. एका हंगामात ते असं ठीक चालायला लागलं की शेजारचे आजोबा चारचे चारच टोले ऐकून हिरमुसले.

मामंजी त्यानंतर बरीच वर्षं होते. भोंगा झाला की ताटावरून मान वर करून ते घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि म्हणत, "आज बोटीला उशीर झाला हो." रोज न चुकता. मी आमटी वाढायचे.

अजून कुठे जायचं झालं की मी उजाडायच्या आत बंदरावर जाऊन गाठोड्यावर बसते. घरातली मुलं हसतात, म्हणतात काकू बोटीच्या आधी समुद्र आलाय का ते बघायला जाते. हसू देत. आगरदांड्याला आता मी वेळेवर पोचते. तिथे वाट बघणारं कोणी नाही.