दहाची पट्टी, पाचचं इंजिन

"आक्का, चहा गार झाला की गं तुझा. आणि कागद असा नाकाला लावून काय वाचतेस? चष्मा काय कपाटात शोभेला ठेवलास?"

"खिशात आहे रे मेल्या. बोटं तेलकट आहेत म्हणून राहिला."

"मग बोटं पूस. का मी काढून देऊ? भाऊजी मला हँगरच्या छताला उलटा टांगतील."

हँगरमध्ये जोडीने काम करणाऱ्या लांब्याच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं. आक्काने फडक्याला बोटं पुसली, डांगरीच्या वरच्या खिशात हात घातला आणि हात तिथंच थांबला. चष्म्याबरोबर बाहेर आली एक बोटभर लांबीची चिकटपट्टी, मागचा कागद अजून न सोललेली. तिच्यावर छापलं होतं: एक इंजिन बंद असता पूर्ण जोर, ५ मिनिटं.

ही पट्टी तिच्या खिशात असायला नको होती. ती डोंगरातल्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानात, पायलटच्या डोळ्यांसमोर असायला हवी होती.

आक्का सव्वीस वर्षं इंजिनं उघडत आणि मिटत आली होती. बापाच्या गिरणीच्या डिझेल इंजिनाशेजारी ती रांगायला शिकली, आणि लग्न ठरायच्या आधी पान्यांचे आकडे तिला पाढ्यांसारखे पाठ होते. विमानाच्या इंजिनाला ती फक्त एका गोष्टीसाठी भ्यायची. उड्डाणाला जो पूर्ण जोर लावतात, तो घड्याळ लावून घ्यायचा असतो. पाच मिनिटं, बस्स. नवीन असताना तिने एक उघडलेलं इंजिन पाहिलं होतं, कुणीतरी वेळेचं भान न ठेवता तापवलेलं. आतली पाती टोकाला मेणासारखी ओघळली होती. तिने बोट लावून पाहिलं आणि त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

अलीकडे बऱ्याच इंजिनांत नवी, जास्त ताप सोसणारी पाती बसवली होती. तशा इंजिनाला, जोडीचं दुसरं बंद पडलं, तर दहा मिनिटं पूर्ण जोर लावायची परवानगी होती. या विमानाची दोन्ही इंजिनं तशीच, म्हणून समोर दहाची पट्टी. पण आज पहाटे डाव्या इंजिनातून तेल गळायला लागलं, ते उतरवलं, आणि गोदामातून जे आलं ते जुन्या पात्यांचं. एक जरी पाचचं असलं तरी सगळं विमान पाचचं. गोदामवाल्याने पट्टी इंजिनाबरोबरच दिली होती. आक्काचे हात ग्रीसने माखलेले, कॉकपिटमध्ये कॅप्टन आधीच येऊन बसलेला. मग चिकटवू, म्हणून तिने ती खिशात टाकली. कागदावरच्या सह्या मात्र शेवटी एका दमात केल्या. सगळेच तसं करायचे. शिक्का तिचा, आणि विमान त्यावर सकाळीच गेलं.

"लांब्या," ती म्हणाली, "मी पट्टी बदलली नाही."

लांब्याने पट्टी पाहिली. त्याचं हसू हळूहळू उतरलं. मग तो जवळ सरकला. "हे बघ, दोन्ही इंजिनं चालू असली तर दीड-दोन मिनिटांत ते जोर कमी करतातच. पट्टीकडे बघायची वेळ एक बंद पडलं तरच. माझ्या अख्ख्या नोकरीत पडलं नाही. बारा-साडेबाराला विमान इथं येईल. गुपचूप वर जा, चिकटव, खाली ये. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"तिथून उठताना समोर डोंगर आहे रे."

लांब्याने घड्याळाकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक होतं. एका इंजिनावर तो डोंगर ओलांडायला आठ-नऊ मिनिटं पूर्ण जोर लागतो. दहाच्या भरवशावरच तिथं विमानात माणसं-सामान भरलं जायचं. उजवं बंद पडलं, तर पायलट पट्टी वाचून डाव्याला दाबून धरणार. सहा मिनिटं, सात मिनिटं. आणि ती ओघळलेली पाती आक्काच्या डोळ्यांसमोर आली.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. विमान सव्वाअकराला उठणार होतं.

हँगर ओलांडायला तिला कधी मिनिटापेक्षा जास्त लागत नसे. आज तिने वाटेत दोनदा थांबून पट्टी वाचली. टोकाच्या खोलीत हँगरचा साहेब फोनवर होता. तिने फोन संपायची वाट पाहिली नाही, पट्टी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"डावं जुनं आहे. वर दहाचीच पट्टी राहिली."

साहेबाने पट्टी पाहिली, फोन ठेवला. "सही कुणाची?"

"माझी."

"बाई, तुमची?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. तेच तिला जास्त लागलं. त्याने दुसरा फोन उचलला, आणि कॅप्टनचा आवाज खोलीभर झाला.

"दारं लागलीत आमची! पाचाच्या हिशोबाने म्हणजे नऊ माणसं खाली उतरवू? काय सांगू त्यांना? डोंगर काय आज नवीन उगवलाय?"

"डोंगर रोजचाच आहे, कॅप्टन. इंजिन रोजचं नाही. दारं उघडा."

पलीकडे कॅप्टनने कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग, "उघडतो."

नऊ माणसं आणि त्यांचं सामान उतरलं. कॅप्टनने दहाच्या पट्टीवर कागद चिकटवून पेनाने पाच लिहिलं. विमान पाऊण तास उशिरा उठलं. तासाभराचा रस्ता.

तो तास आक्का अवजारांच्या कपाटापाशी उभीच होती. खरी भीती तिला आता धरत होती. पट्टी विसरले, मग आणखी काय विसरले? ती मनातल्या मनात पहाटेचं इंजिन पुन्हा चढवायला लागली. पुढचे दोन बोल्ट, पान्याने ठरलेला ताण लावला. मागचे... लावला. लावला का? तेलाची नळी आवळली, ती सैल होऊ नये म्हणून तार गुंफली. गुंफताना लांब्या काहीतरी बरळत होता आणि ती हसली होती. हसण्याआधी गुंफली की नंतर? जितकं आठवू जाई तितके हात दुसऱ्याचे वाटायला लागले.

मध्येच नवऱ्याचा फोन आला. "अगं, मोरीचा नळ गळतोय. बारीक पाना कुठे ठेवलास?"

"जिन्याखालच्या डब्यात."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"काही नाही. जोर लावू नका, आटे जातील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

विमान एकला टेकलं. चाकांतून धूर उठला, विमान वळलं, समोर येऊन उभं राहिलं. काही झालं नव्हतं. आक्काला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. ती साहेबाकडे गेली आणि त्याने मागायच्या आधी शिक्का टेबलावर ठेवला.

"चौकशी होईपर्यंत इथे राहील," साहेब म्हणाला. "वेळेत सांगितलंत, तेही लिहीन. पण आधीचंही लिहावं लागेल."

"लिहा. आणि डावं इंजिन पुन्हा उघडून बघायला सांगा. मी नाही, दुसऱ्या कुणीतरी."

"काही शंका आहे?"

"हो. माझीच."

लांब्याने आणि आणखी एकाने झाकणं उघडली. बोल्ट मोजले, ताण पाहिला, तारा ओढून पाहिल्या. तासाभराने लांब्या घामाने निथळत आला. "सगळं जागेवर आहे. एक तार इतकी सरळ गुंफलीस की मला लाज वाटली. आता तरी तो चहा घे बाई."

"तार मी कधी गुंफली, मला आठवत नाही रे."

"मला कुठे माझं आठवतं? कुणालाच आठवत नसतं, आक्का."

हे सांत्वन होतं की काय, तिला कळलं नाही.

तेवढ्यात दुपारचं दुसरं विमान दाराशी येऊन थांबलं. आक्काने विजेरी घेतली, फडकं खांद्यावर टाकलं.

"चल. मी बघते, मागोमाग तू बघ, मग तुझा शिक्का मार. आणि आक्काने बघितलंय म्हणून सोडू नको."

"अगं, मी तुझ्यावर विश्वास..."

"तेच सांगते. ठेवू नको."

ती पंखाखाली वाकली. विजेरी पहिल्या पात्यावर धरली. दुसऱ्या हाताने तिने ते चाचपलं, आणि पाती मोठ्याने मोजायला सुरुवात केली.