दोन डब्यांमधली जागा

होडीत पाय ठेवण्याआधी बाबांनी मला बाजूला घेतलं. रत्नागिरीच्या बंदरात बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, तिथवर होडीनं जावं लागे. होडीवाला ओरडत होता, नवऱ्याचं लक्ष ट्रंकेकडे होतं. मुंबईला निघालेल्या नव्या नवरीला बाप सांगतो, नीट राहा, सासरचं नाव राख. माझे बाबा म्हणाले, "बाय, ममईत दादा कसा गेला ता बघून ये. आयेला बोलू नको."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मुंबईत रेल्वेच्या यार्डात डबे जोडायचं काम करी. तिथंच गेला. गाववाल्यानं निरोप आणला की साहेब म्हणतो, स्वतःच्या बेपर्वाईनं मेला. आयेला बाबांनी तापानं गेला असं सांगितलं, पण ‘बेपर्वाई’ हा साहेबाचा शब्द त्यांच्या स्वतःच्या मनातून जाईना. "मारक्या बैलाला वेसण घालणारा माझा पोर," ते म्हणत, "बेपर्वा कसा होईल?" लांज्याकडच्या आमच्या वाडीत कुणी आगगाडी पाहिलेली नव्हती. बाबांना गाडी ठाऊक ती बैलाची, ‘होऽ’ म्हटलं की थांबणारी.

मुंबईत ह्यांनी दादाचा यार्डातला जोडीदार शोधून काढला. तो भला माणूस खाली मान घालून बोलला. दोन डब्यांच्या मधे शिरून साखळी अडकवायची, मागून इंजिन डबा ढकलत आणतं. त्या दिवशी जोरात ढकललं. एवढंच. मी ऐकलं, पण हे बाबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितलं तरी त्यांना दिसणार काय?

हे कोटात, म्हणजे फोर्टात, एका खेळण्यांच्या दुकानात कामाला होते. विलायतेला परत जाणारे साहेब लोक मुलांच्या जुन्या चावीच्या आगगाड्या तिथं देऊन टाकत. मोठ्या लढाईच्या आधीच्या, जर्मनीत बनलेल्या, पत्र्याच्या. स्प्रिंग तुटलेली, चाक वाकडं झालेलं असं जे विकण्याजोगं नसे ते हे घरी आणत. ह्याचं चाक त्याला, त्याची स्प्रिंग ह्याला, असं करत मी एक गाडी चालती केली. चाळीत हसू झालं. पोर नाही बाळ नाही आणि बाई आगगाडी खेळते! हसू देत. माझा खेळ काय होता ते मला ठाऊक.

शिमग्याला माहेरी गेले तेव्हा आये पाण्याला गेलेली बघून अंगणात त्या गाडीचे रूळ जोडले. पुढचा डबा जांभ्याचा खडा लावून अडवला, मागचा इंजिनापुढे ठेवला. बाबा उकिडवे बसले. "दादा कुठं उभा व्हता?" मी बोट दाखवलं. त्यांनी चंचीतून सुपारी काढली आणि दोन डब्यांच्या मधे ठेवली. पूजेला हजर नसलेल्या माणसाच्या जागी आपण सुपारी ठेवतो, तशीच.

मी चावी दिली. इंजिनानं डबा ढकलला, सुपारी मधे आवळली गेली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, स्प्रिंग संपेपर्यंत. बाबांनी नजर हलवली नाही. मग म्हणाले, "हेच्यात माणसानं जावं कुठं? बेपर्वाई म्हणं!" आणि ते रडले. दादा गेल्यावर पहिल्यांदाच.

मागे आये उभी होती, डोक्यावर हंडा. कधी आली कळलंच नाही.

"ताप नव्हता तर," ती म्हणाली.

तिनं हंडा उतरवला, वाकून दोन्ही डबे हातांनी लांब केले, सुपारी उचलली, पदरानं पुसली. "चल पोरा, घरात," असं त्या सुपारीला म्हणाली आणि आत नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. त्यानंतर ती आमच्याशी दादाबद्दल कधीच बोलली नाही. बाबांशी तर फारसं कशाबद्दलच नाही.

तुम्ही वाडीतले म्हणता, बाईला ममईचं वारं लागलं, इकडं फिरकत नाही. आणि माझ्यासारखे इथं मुंबईत आलेले विचारतात, एवढी इंजिनं जमवून करतेस काय? चालवते. संध्याकाळी चूल पेटवण्याआधी एक इंजिन रुळावर सोडते. एकटंच. डबे खोक्यात आहेत, ते मी जोडत नाही.

बाबा गेले, मागोमाग आये गेली. माहेर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर लांजा सांगते. डोळ्यांपुढे मात्र ते अंगण येतं आणि वाकलेली आये. दादाला तिनं घरात नेलं. मी तिथंच रुळांपाशी बसले होते. मला कुणी चल म्हणालं नाही, आणि आता म्हणणारं कुणी उरलंही नाही.