मागे सरकायची कळ

ऑर्विल टेसार आमच्याकडे कामाला लागला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि जेमतेम माझ्या कानाला लागायचा. मी काही फार उंच बाई नाही. इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात मी एकोणीस वर्षं पुढच्या टेबलावर बसले. फोन घ्यायचे, किल्ल्या द्यायच्या, बिघडलेल्या यंत्रांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या. त्या तक्रारी मी ऑर्वीला, म्हणजे ऑर्विलला, द्यायची आणि तो हत्यारांची पेटी उचलून निघायचा. हात इतका हलका की उघडलेलं यंत्र पुन्हा बंद केलं तरी कुणी उघडलं होतं असं वाटायचं नाही.

तो व्हिएतनामला जाऊन आलाय एवढं सगळ्यांना माहीत होतं. तिथं काय करत होता, ते कुणी विचारलं नव्हतं. चौऱ्याहत्तर साली असं विचारायची पद्धतच नव्हती. लोक हवापाण्याबद्दल बोलायचे आणि सटकायचे.

त्या वर्षी आमच्याकडे लेनोर फिस्टर नावाची गणिताची विद्यार्थिनी होती. पिओरियाजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, आवाज खणखणीत, केस कायम पेन्सिलीने वर खोवलेले. ती आणि तिचा जोडीदार चेस्टर विन हे दोघं मिळून एक खेळ बनवत होते. तेव्हाचे कॉम्प्युटरवरचे खेळ वरून दिसायचे, नकाशा पाहिल्यासारखे. लेनोरला ते नको होतं.

"वरून बघायला मी काय घार आहे?" ती म्हणायची. "मी आत आहे. माझ्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच दिसलं पाहिजे."

असले भूलभुलैये त्याच सुमारास देशात आणखी एकदोन ठिकाणी लोक करत होते असं पुढं कानावर आलं. आम्हाला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता. लेनोरचा भूलभुलैया म्हणजे काळ्या पडद्यावर नारिंगी रेघा. दोन भिंती, वर छत, खाली जमीन, लांबवर निमुळती होत गेलेली वाट. कळा चारच: पुढे, डावीकडे, उजवीकडे आणि गोळी. प्रत्येकीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला. दुसरा माणूस दुसऱ्या यंत्रावर बसून त्याच वाटांमधून फिरायचा. तो समोर आला की काडीवर ठेवलेला गोळा दिसायचा. तो गोळा म्हणजे माणूस.

कॉम्प्युटर भलताच हळू होता. एक पाऊल टाकलं की पडदा सगळा पुसला जायचा आणि मग एकेक रेघ उमटायची. आधी डावी भिंत, मग उजवी, मग छत. समोर कुणी असेल तर तो सगळ्यात शेवटी यायचा. तोवर श्वास रोखून बसायचं. पोरं किंचाळायची आणि वर हसायची.

ऑक्टोबरातली दुपार होती, तीन वाजले असतील. लेनोरच्या यंत्राची एक कळ अडकत होती, म्हणून मी ऑर्वीला आत पाठवलं. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला, कारण रेघा अंधारात ठळक दिसायच्या. फक्त टेबलावर एक दिवा. माझं टेबल बरोबर दारासमोर.

कळ दुरुस्त झाल्यावर लेनोरचा आवाज आला, "आता जरा चालवून बघ ना. चेस्टर पलीकडे आहेच. चल, दोन पावलं तर टाक."

मला कळा दाबल्याचे आवाज ऐकू येत होते. एक. थोडं थांबून दुसरा. तिसरा. मग काहीच नाही. मग ऑर्वीने खोलीतला दिवा विझवला आणि लेनोर हसली. पुढच्याच क्षणी तिचं हसू मध्येच तुटलं.

दारातून आधी बुटांचे तळवे बाहेर आले. मग पोटऱ्या, मग पाठ. ऑर्वी जमिनीला पोट टेकून, तोंड खोलीकडेच ठेवून, उलटा सरपटत बाहेर येत होता. अजिबात आवाज न करता. भरदिवसा, पुसलेल्या फरशीवर. माझ्या टेबलापाशी येऊन तो थांबला आणि मान न वळवता पुटपुटला, "दिवा विझवा."

"ऑर्वी," मी म्हणाले. "ऑर्वी, मी मिसेस हॅस्केट."

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. घड्याळाकडे बराच वेळ. मग उठला, गुडघे झटकले.

"स्क्रू पडला होता," तो म्हणाला.

"सापडला का?"

"सापडला." आणि पेटी तिथंच टाकून जिन्याने खाली गेला.

दोन दिवस तो आला नाही. आमचे प्रमुख डॉ. लिंडग्रेन माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बर्नडीन, असल्या माणसाचा भरवसा धरता येत नाही. आज फरशीवर होता, उद्या हातात काय असेल सांगता येतं का?" मी त्यांना काहीतरी तोडून बोलायला हवं होतं. बोलले नाही. ते गेल्यावर मी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि खणात ठेवून कुलूप लावलं. ज्या मुलाला मी वर्षभर माझ्या डब्यातलं सँडविच अर्धं करून देत होते, त्याचीच मला भीती वाटत होती. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो थेट लेनोरच्या खोलीत. मी कॉफी न्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. खरं सांगायचं तर ती एकटी असेल या भीतीने गेले.

"तुझ्या खेळात मागे जाता येत नाही," तो उभ्यानेच म्हणाला.

"येतं की. दोनदा वळायचं आणि पुढे जायचं."

"म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची."

लेनोरने खुर्ची त्याच्याकडे वळवली. चेस्टर कोपऱ्यात डोनट खात होता. तो म्हणाला, "अरे पण मागं सरकता आलं तर सगळे मागंच पळतील. मग खेळ कसला राहिला?"

"तू जरा खा," लेनोर त्याला म्हणाली. मग ऑर्वीला, "बस ना."

तो बसला नाही, भिंतीला पाठ लावून बोलू लागला. त्याच्या पलटणीत तो सगळ्यात बुटका, म्हणून त्याला भुयारात उतरवायचे. शत्रूने जमिनीखाली खणलेली भुयारं, माणूस रांगतच जाईल एवढी. एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात बॅटरी. बॅटरी शक्यतो लावायची नाही. हाताने चाचपत जायचं, पुढं तार आहे का, साप आहे का बघायचं. वळण आलं की थांबायचं आणि वास घ्यायचा.

"त्या दिवशी वळणावर वास आला. माणसाचा. मी बॅटरी लावली, त्याच वेळी त्यानेही लावली. तोंड तोंडाला लागेल एवढ्यावर. माझ्यापेक्षाही बारका होता. त्याचं पिस्तूल माझ्याकडे, माझं त्याच्याकडे. मग तो मागे सरकला. थोडासा. मग मी सरकलो. असं करत करत दोघंही निघून गेलो. कुणी पाठ केली नाही."

"मग?" लेनोरने विचारलं.

"वर येऊन सार्जंटला सांगितलं, रिकामं आहे. गोळी का नाही झाडली, हे काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्बर्ट व्हॉन्ड्रा उतरला. आयोवाचा होता. मी रिकामं आहे म्हणालो होतो म्हणून उतरला. तो वर आलाच नाही."

चेस्टरने डोनट खाली ठेवला. मी कॉफीचे कप हातात घेऊन तशीच उभी.

"हे कुणाला सांगितलंस आधी?" लेनोर म्हणाली.

"आत्ता सांगितलं."

लेनोरने पेन्सिल केसांतून काढली आणि कामाला बसली. तासाभरात पाचवी कळ चालू झाली. तिने कागदाच्या तुकड्यावर उलटा बाण काढून तो चिकटवला.

"खेळतोस माझ्याबरोबर?" तिने ऑर्वीला विचारलं.

"तू नको. तुला सगळ्या वाटा पाठ आहेत." तो माझ्याकडे वळला. "मिसेस हॅस्केट, तुम्ही बसाल?"

मी त्या यंत्राला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं. चेस्टरने मला शेजारच्या खोलीत बसवलं, कळा दाखवल्या आणि तो निघून गेला.

ते दहा मिनिटांचं फिरणं मी विसरलेले नाही. पुढे दाबलं की सगळं काळं व्हायचं. मग डावी भिंत, उजवी भिंत, छत. मी वाट बघायची. कुणी नाही. पुन्हा पुढे, पुन्हा काळं. या नुसत्या रेघा आहेत, पलीकडे ऑर्वी आहे, आपला ऑर्वी, हे मी स्वतःला समजावत होते आणि काखेत घाम फुटला होता. मधली भिंत पातळ होती. त्याच्या कळांचा आवाज येत होता. टक्. बराच वेळ शांत. टक्. तो माझ्याच दिशेने येतोय असं प्रत्येक आवाजाला वाटायचं. एका वळणावर मला पुढे जावेना. मागे वळून बघावं तर पुढून येईल, आणि थांबावं तर मागून. खुर्चीत बसल्या बसल्या माझी पाठ दुखायला लागली, कुणीतरी तिच्याकडे रोखून बघत असल्यासारखी.

शेवटी वळले. काळं झालं. डावी भिंत. उजवी भिंत. छत. आणि गोळा.

अगदी समोर. पडदाभर. पलीकडून एक आवाज आला, टक्, आणि गोळा किंचित लहान झाला. तो मागे सरकला होता. मला ते दिसलं, कळलंसुद्धा. आणि त्याच क्षणी माझ्या बोटाने गोळीची कळ दाबली.

गोळा नाहीसा झाला. भिंतीपलीकडे काही हालचाल नाही. मी खुर्ची लोटून धावत त्याच्या खोलीत गेले. तो पडद्यासमोर बसला होता, शर्ट पाठीला चिकटलेला.

"ऑर्वी, माझं चुकलं. देवाशपथ, मला दाबायचं नव्हतं."

"मी मागे सरकलो, ते दिसलं तुम्हाला?"

"दिसलं."

"मग का दाबलंत?"

"मला नाही सांगता येत. घाबरले. हात माझा राहिलाच नाही."

तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. रागाने नाही. "मला पाच वर्षं वाटत होतं की गोळी झाडायची नाही असं मी ठरवलं होतं तिथं," तो म्हणाला. "ठरवलं असेल ते हातानेच." मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बाहेर माझा फोन वाजून वाजून थांबला.

नोव्हेंबरात एका शनिवारी भल्या पहाटे तो माझ्या घरी आला. "डेल्बर्टच्या आईकडे जायचंय. एकट्याने जमणार नाही." मी कोट घातला. गाडी माझीच होती, चालवलीही मीच. इलिनॉय संपेपर्यंत तो हं नाही की चूं नाही. मिसिसिपीचा पूल ओलांडताना म्हणाला, "गाडी थांबवा," आणि कडेला उतरून ओकला. परत येऊन बसला. "चला."

दुपार व्हायच्या आधीच त्या गावी पोचलो. पांढरं लहान घर, अंगणात पानांचे ढीग. मी गाडीतच थांबले. तो आत गेला. दार लागलं. त्या बाईने त्याला काय केलं असेल, काय बोलली असेल, नाना विचार मनात येत होते. तिच्या जागी मी असते तर? खिडकीच्या काचा माझ्या श्वासाने धुरकट झाल्या.

कुणीतरी काच ठोठावली तशी मी दचकले. साठीची बाई, हाताला पीठ लागलेलं.

"तुम्ही याच्या आई का?"

"नाही, मी ऑफिसातली."

"मग बाहेर काय बसलात थंडीत? या आत."

स्वयंपाकघरात ऑर्वी टेबलाशी ताठ बसला होता. डोळे लाल. त्याने सगळं सांगून टाकलं होतं, हे दोघांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. मिसेस व्हॉन्ड्राने माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि खसखशीचं सारण भरलेले गोल पाव ठेवले. मग ओट्याला टेकून उभी राहिली. आता ती ओरडेल, आता हाकलेल, असं वाटत होतं.

"एकच विचारते," ती ऑर्वीला म्हणाली. "खरं सांग. उतरताना तो घाबरला होता का?"

ऑर्वीने मान वर केली. "नाही. शीळ घालत उतरला. आत काही नाही असं मी त्याला सांगितलं होतं ना."

तिने मान हलवली. पुन्हा हलवली. मग वळून ओव्हन उघडला, पाव बघितले, पुन्हा बंद केला. तिची पाठ आमच्याकडे होती.

"लहानपणी त्याला तळघरात जायची भीती वाटायची," ती म्हणाली. "मी रोज हाच विचार करते, की त्या अंधारात त्याला किती भीती वाटली असेल."

निघताना तिने पाव कागदात बांधून माझ्या हातात दिले, त्याच्या नाही. दारात त्याला म्हणाली, "तू आलास ते बरं केलंस. पण पुन्हा येऊ नकोस. तुला बघितलं की मला तो तुझ्या शेजारी दिसतो."

"नाही येणार, बाई," तो म्हणाला.

लेनोरचा खेळ नाताळाच्या आधी डॉ. लिंडग्रेननी काढून टाकायला लावला. कॉम्प्युटर कामापेक्षा खेळातच जास्त अडकत होता. लेनोर पुढं कॅलिफोर्नियात नोकरीला गेली. ऑर्वी आमच्याकडेच राहिला, चाळिशीत त्याने लग्न केलं, हिरव्या भोपळ्यांची बाग लावली. त्याची भीती गेली का, हे मी त्याला विचारलं नाही. मात्र मिसेस व्हॉन्ड्राकडून परतीच्या वाटेवर तो गाडीत झोपला, तोंड उघडं टाकून, पहिल्यांदाच माझ्यासमोर, आणि त्याला अंधारात जाग येऊ नये, दिवे लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून मी आयोवाच्या त्या सरळ रस्त्यावर गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली.